कपिंगनंतर पाठीवर उठणारे काळे डाग नेमके काय सांगतात?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपल्या आई ५८ वर्षांच्या आहेत, त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि मान व उजवा खांदा आखडण्याचा जुना त्रास आहे. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी एका केंद्रात चिनी पद्धतीचे कपिंग करून घेतले. पाठीवर जांभळट-काळे गोल डाग उठले. ‘डाग जितका काळा, तितके विष जास्त बाहेर पडले’ असे त्यांना सांगण्यात आले, आणि पुढच्या खेपेस त्याच जागी बारीक छेद देऊन रक्त काढायचे ठरले आहे. हे डाग खरोखर विषाचे आहेत का, याने मान बरी होईल का, आणि मधुमेहात हा उपचार करावा का, असे आपण विचारले आहे.

मी चिनी वैद्यकातील ॲक्युपंक्चर, मोक्सा (वाळलेली वनस्पती जाळून दिलेला शेक) आणि कपिंग यांचे शिक्षण दक्षिण चीनमधील ग्वांगचौ येथे घेतले आणि तेव्हापासून हेच काम करते आहे. सविस्तर लिहिण्याआधी तातडीची गोष्ट सांगते: रक्त काढण्याचा बेत तूर्त थांबवा. डाग विषाचे नाहीत. कोरड्या, म्हणजे छेद न देता केलेल्या, कपिंगने आईंच्या मानेला काही दिवस मोकळेपणा मिळू शकतो, मात्र तो बेताच्या ओढीने आणि मधुमेहाची नीट चौकशी केल्यानंतरच केलेला असावा.

डाग समजून घ्यायचा असेल तर कप कसा लागतो ते आधी पाहावे लागेल. चीनमधील रुग्णालयांत आजही सर्वाधिक वापरली जाणारी रीत म्हणजे काचेचा कप आणि क्षणभराची ज्योत. रुग्ण पालथा झोपलेला असतो. उजव्या हातातील लांब चिमट्यात ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून घट्ट पिळलेला कापसाचा बोळा असतो. तो घट्ट पिळावाच लागतो, कारण ओघळलेला थेंब पेटता राहून पाठीवर पडला तर भाजते. डाव्या हातात फुगीर पोटाचा, जाड आणि गुळगुळीत काठाचा कप असतो. पेटलेला बोळा कपाच्या पोटात नेऊन एखादे वर्तुळ फिरवायचा आणि लगेच बाहेर काढायचा. ज्योत काठाला लागू द्यायची नाही, कारण कातडीला टेकणार असतो तो काठच. बोळा बाहेर येताक्षणी कप पाठीवर ठेवायचा. हे सारे दोन-तीन सेकंदांत होते. आतली तापलेली हवा थंड होताना आकसते, कपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि कातडी, तिच्याखालची चरबी आणि स्नायूंवरचे आवरण कपात वर ओढले जाते. काढतानाही कप उपटायचा नसतो. काठाशेजारची कातडी बोटाने दाबली की हवा हलक्या आवाजाने आत शिरते आणि कप आपोआप सुटतो.

ही ओढ पुरेशी असेल आणि काही मिनिटे टिकली, तर त्वचेतील सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, काही ठिकाणी फुटतात आणि त्यांतील तांबड्या पेशी आजूबाजूच्या ऊतींत झिरपतात. दिसतो तो डाग हाच. मुका मार लागल्यावर उठणाऱ्या काळ्या-निळ्या डागाची आणि याची जात एकच आहे. फरक एवढाच की तिथे रक्तवाहिन्या दाबाने फुटतात आणि इथे ओढीने. पुढचे काही दिवस शरीरातील पेशी हे सांडलेले रक्त उचलून त्याचे विघटन करतात, म्हणून डाग जांभळ्यावरून हिरवट-पिवळा होत एक-दोन आठवड्यांत मावळतो. अर्थात जे बाहेर पडले म्हणून आईंना सांगितले गेले ते बाहेर पडलेलेच नाही. ते त्यांचेच चांगले रक्त आहे आणि कातडीखालीच आहे. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेबाबत एक जादा गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मूळ रक्तडाग गेल्यावरही तपकिरी छटा कित्येक आठवडे रेंगाळू शकते, आणि ती पाहून ‘अजून दोष शिल्लक आहे’ असे समजून त्याच जागी पुन्हा कप लावले जातात. तसे करू नये.

कप काढल्यावर त्याच्या आत कधी कधी वाफेचा थर किंवा थेंब दिसतात, आणि ‘शरीरातील ओल निघाली’ असे रुग्णाला सांगितले जाते. ग्वांगचौसारख्या दमट, उष्ण प्रदेशात ही समजूत फार खोल रुजलेली आहे, कारण तिथल्या लोकांच्या मते निम्मी दुखणी ओलीमुळेच होतात. ही समजूत जुनी आहे. चाओ श्वेमिन या छिंग काळातील वैद्याने १७६५ च्या सुमारास संकलित केलेल्या औषधिग्रंथात मातीच्या छोट्या अग्निकपाचे वर्णन आहे. त्यात कातडीवर लाल कड उठते, कपात बाष्पजल येते आणि वारा व थंडी निघून जाते, असे म्हटले आहे. त्याने जे पाहिले ते अचूक टिपले होते. मात्र अल्कोहोल जळताना पाण्याची वाफ तयार होते हे रसायनशास्त्राने पुढे दाखवले. थंड काचेवर जमते ती हीच वाफ, आणि तिच्यात थोडा घाम मिसळलेला असतो. पंपाने हवा ओढून लावलेल्या कपात ज्योत नसल्यामुळे हे थेंब क्वचितच दिसतात, एवढ्यावरूनही याची खात्री पटावी.

येथे कोणी म्हणेल की चिनी वैद्यकच डागांच्या रंगावरून निदान करते, मग मी ते नाकारते कशी? शास्त्रातील मांडणी अशी आहे की गडद जांभळा रंग ‘रक्ताची साकळ’ आणि थंडी सुचवतो, तांबडा उष्णता सुचवतो, आणि डाग न उठणे किंवा फिका उठणे म्हणजे शरीरबल कमी असणे. परंतु ही खूण नाडी, जीभ, झोप, पचन, दुखण्याची वेळ आणि ते थंडीने वाढते की उष्णतेने, या सगळ्यांच्या सोबत वाचायची असते. एकट्या रंगावर निष्कर्ष काढणारा विद्यार्थी आमच्या शिक्षकांपुढे टिकत नसे. शिवाय रंग ठरवणाऱ्या अगदी साध्या गोष्टी असतात: ओढ किती, वेळ किती, त्या जागी कातडी किती सैल, रुग्णाचे वय किती, तो रक्त पातळ करणारी गोळी घेतो का. त्याच रुग्णाच्या त्याच खांद्यावर मी पाच मिनिटे हलका कप ठेवला तर गुलाबी वर्तुळ उठेल आणि पंधरा मिनिटे जोरकस ठेवला तर काळे. तेवढ्यात त्याचा आजार बदललेला नसतो.

डागाच्या काळेपणावर उपचाराचे यश मोजणे हे परंपरेच्याही विरुद्ध आहे, आणि मला सर्वाधिक तळमळीने सांगायचे आहे ते हेच. चीनमध्ये या उपचाराचा सर्वांत जुना लिखित उल्लेख हुनान प्रांतात छांगशाजवळ मावांगद्वी येथील तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्यात मिळालेल्या रेशमी पोथीत आहे. थडगे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झाले आणि १९७३ मध्ये उत्खननात उघडले गेले. त्या पोथीत मूळव्याधीच्या एका प्रकारावर जनावराचे छोटे शिंग लावायला सांगितले आहे, आणि वेळेचे मापही दिले आहे: दोन दौ (धान्याचे जुने चिनी माप) तांदूळ शिजायला लागेल इतका वेळ. त्यानंतर शिंग काढून, वर ओढल्या गेलेल्या मोडाला बारीक दोरी बांधून तो सुरीने कापायचा. म्हणजे तिथे शिंग हे शस्त्रक्रियेआधी मांस वर ओढून धरण्याचे साधन होते. वेळ, जागा आणि हेतू तिन्ही ठरलेले होते, आणि शरीर शुद्ध करण्याचा तिथे विषयच नव्हता.

त्यानंतर चौथ्या शतकात को हुंग या वैद्याने आणीबाणीच्या उपचारांवर लिहिलेल्या ग्रंथात, गळू, गाठी, कठीण सूज आणि मानेतील गंडमाळा यांवर सुई किंवा शिंग लावू नये, लावणारे क्वचितच संकटातून सुटतात, असा इशारा दिला आहे. कुठे करू नये याची ही यादी सोळाशेहून अधिक वर्षे जुनी आहे. थांग राजवटीत राजवैद्यकाच्या शिक्षणात ‘शिंगाची पद्धत’ ही स्वतंत्र शाखा होती. ७५२ मध्ये वांग थाओ याने सिद्ध केलेल्या मोठ्या संकलनात उकळत्या पाण्यात बांबूची नळकांडी तापवून ती लावण्याची रीत येते, आणि तिचेच पुढचे रूप म्हणजे औषधी काढ्यात उकळलेले बांबूचे कप. काच ही अलीकडची सोय आहे. आत काय चालले आहे ते काचेतून दिसते, आणि कातडी फार गडद होऊ लागली की वेळेआधी कप काढता येतो. काचेचा खरा फायदा हाच आहे.

चिनी वैद्यकाच्या भाषेत कपिंग हा ‘विखुरणारा’ उपचार आहे. जिथे ‘ची’ (शरीरात वाहणारी प्राणशक्ती) आणि रक्त साकळले आहे, थंडी-वारा वरवर अडकला आहे, तिथे तो योग्य ठरतो. ज्याच्याजवळ मुळातच बल कमी आहे, जो थकलेला, कृश, रात्री घाम येणारा किंवा दीर्घ आजाराने खंगलेला आहे, त्याच्यावर जोरकस कपिंग करणे म्हणजे उरलेसुरले बल विखुरणे, असे शास्त्र सांगते. अशांसाठी कप लावून लगेच काढण्याची, पुन्हा लावून पुन्हा काढण्याची रीत आहे. तिने कातडी फक्त गुलाबी आणि उबदार होते, डाग उठतच नाही. पाठीच्या रुंद, मांसल भागावर तेल लावून कप सावकाश सरकवत नेण्याची दुसरी रीत आहे. एका जागी ठेवून देण्याची, सहसा पाच ते पंधरा मिनिटांची, तिसरी. सुई टोचून तिच्यावरून कप लावण्याची चौथी, आणि ती छातीच्या मागच्या भागावर मी टाळते, कारण ओढीने कातडी वर येते तशी सुईची खोली बदलते आणि खाली फुफ्फुस असते. टोचून रक्त काढण्याची रीत सर्वांत तीव्र, आणि तिचा वापरही तितकाच मर्यादित. या पायऱ्या आहेत, आणि रुग्ण पाहून योग्य पायरी निवडणे हेच या विद्येतील कौशल्य आहे. चीनने २००८ मध्ये कपिंगच्या कृतीसाठी राष्ट्रीय मानक काढले, त्यातही या रीती वेगवेगळ्या मांडल्या आहेत. बाहेरच्या जगात मात्र एकच रीत पोहोचली: जोरात ओढा, ठेवून द्या, काळे करा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे डाग जगभर दिसले आणि डाग हीच या उपचाराची ओळख होऊन बसली. त्या जलतरणपटूच्या खांद्यांना जी ओढ सोसते ती आपल्या आईंच्या खांद्यांना सोसेलच असे नाही.

आता उपयोगाविषयी. चीनमध्ये एक म्हण घरोघरी बोलली जाते, तिचा आशय असा की सुया, मोक्सा आणि कप यांनी अर्धे दुखणे जाते. रुग्णांच्या अनुभवातून आलेली ही म्हण मी हलकी मानत नाही. पण अनुभव आणि पुरावा यांत अंतर असते, आणि ते अंतर लपवणे मला मान्य नाही. २०१२ मध्ये चिनी व ऑस्ट्रेलियन संशोधकांनी कपिंगच्या १३५ यादृच्छिक (रुग्णांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडलेल्या) चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. नागीण, मुरुमे, चेहऱ्याचा लकवा आणि मानेचा स्पॉन्डिलोसिस यांत काही लाभ संभवतो असे त्यांनी म्हटले, पण बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी होता हेही स्पष्टपणे नोंदवले. कपिंगची चाचणी घेणे मुळात अवघड असते, कारण आपल्याला कप लावला की नाही हे रुग्णाला कळतेच. जर्मनीत फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर जुनाट दुखण्याच्या विकाराच्या) १४१ रुग्णांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यावर एक युक्ती केली होती. काही रुग्णांना बारीक छिद्र असलेले कप लावले, म्हणजे कप चिकटल्यासारखा वाटतो पण ओढ टिकत नाही. कपिंग घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांवर असलेल्या रुग्णांपेक्षा बरे वाटले, पण छिद्राचे कप लावलेल्यांना जवळजवळ तितकेच बरे वाटले. याच संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये जुनाट मानदुखीच्या ६१ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. एका गटाला घरच्या माणसाकडून सरकत्या कपाचा मसाज मिळत होता, दुसरा स्नायू शिथिल करण्याचा सराव करत होता. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या वेदनेत फरक आढळला नाही, मात्र कपिंगच्या गटाचे एकंदर स्वास्थ्य आणि दाब सोसण्याची क्षमता थोडी अधिक होती.

यातून मी माझ्या कामासाठी जो अर्थ काढते तो असा. आखडलेल्या स्नायूला वर उचलून धरणारी ओढ, ऊब, स्पर्श, शांत पडून राहणे आणि लक्ष देणारा माणूस या सगळ्यांचा मिळून परिणाम होतो, आणि त्यात काळ्या डागाचा वेगळा वाटा असल्याचे दिसत नाही. सांडलेल्या रक्ताचे विघटन होताना तयार होणारी काही द्रव्ये दाह कमी करत असावीत, अशी एक कल्पना संशोधक मांडतात. ती विचार करण्याजोगी आहे, पण तिच्या आधारावर कोणाची पाठ काळी करावी इतकी ती सिद्ध झालेली नाही.

आईंच्या मानेचा प्रश्न कपाच्या आधी तपासणीचा आहे. हातात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पकड सैल झाली असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा बदलला असेल, ताप किंवा कारण नसताना वजन घटणे असेल, किंवा जिना चढताना खांद्यापर्यंत दुखणे येत असेल, तर कपिंगचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेही व्यक्तीचे हृदयाचे दुखणे कधी कधी छातीऐवजी खांद्यातच जाणवते. मधुमेहात खांद्याचा सांधा धरण्याचे प्रमाणही अधिक असते. हात मागे किंवा वर जातच नसेल, तर दुखणे स्नायूंचे नसून सांध्याचे असू शकते. तिथे कप लावून तात्पुरते बरे वाटेल, सांधा मात्र व्यायामाशिवाय मोकळा होणार नाही.

यांपैकी काही नसेल आणि मान-खांद्याचे स्नायूच कडक असतील, तर मी मानेच्या तळाशी, सातव्या मणक्याच्या खाली असलेल्या दाच्युई या पॉइंटच्या दोन्ही बाजूंना आणि खांद्याच्या वरच्या मांसल भागावर मध्यम आकाराचे कप हलक्या ओढीने पाच ते सात मिनिटे ठेवते. मणक्याच्या हाडावर कप नीट बसत नाही आणि मानेच्या पुढच्या बाजूला तर तो कधीच लावायचा नसतो. पहिल्या खेपेस मी निम्म्या ओढीवर थांबते. कप आठवड्यातून एकदा, आधीचा डाग पूर्ण गेल्याशिवाय त्या जागी पुन्हा नाही, आणि चार-पाच खेपांत रोजच्या हालचालींत फरक दिसला नाही तर उपचार बंद. सोबत मान आणि खांद्याच्या पात्याचे व्यायाम रोज करावे लागतात. माझ्या अनुभवात ज्यांची मान टिकून बरी झाली त्यांनी हे व्यायाम सोडले नव्हते.

मधुमेहाबाबत माझा आग्रह कडक आहे. अनेक वर्षांच्या मधुमेहात कातडीची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे कप गरम आहे किंवा ओढ जास्त आहे हे रुग्णाला कळत नाही, आणि फोड आल्यावरच लक्षात येते. म्हणून आईंना ज्योतीचा कप लावूच नये, पंपाचा लावावा. पंप दोन-तीनदाच ओढावा, आणि त्याआधी पाठीवर कापसाचा स्पर्श व गार-गरम नीट कळते का हे तपासून घ्यावे. फोड आला तर तो फोडू नये, स्वच्छ झाकून डॉक्टरांना दाखवावा. छेद देऊन रक्त काढण्याचे कारण मला त्यांच्या बाबतीत एकही दिसत नाही. जखम भरायला वेळ लागणाऱ्या आणि जंतुसंसर्गाचा धोका अधिक असणाऱ्या शरीरावर मुद्दाम जखमा करायच्या, त्या बदल्यात मिळणारा लाभ अनिश्चित, हा व्यवहार मी कोणत्याही मधुमेही रुग्णाशी करत नाही. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर कोरड्या कपानेही मोठे डाग उठतात. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, रक्तस्रावाचे विकार, पायांच्या फुगलेल्या शिरा, गरोदरपणात पोट आणि कंबर, आणि चिघळलेली किंवा संसर्ग झालेली त्वचा ही सरळ मनाई आहे. सोरायसिस असणाऱ्यांना कपाच्या गोलाकारातच नवे चट्टे उठल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

रक्त काढण्याची रीत फक्त चिनी आहे असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत वाताने दूषित रक्तासाठी शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी आत दिवा ठेवलेला भोपळा सांगितला आहे, आपल्याकडे वैदू तुंबडी लावत आले आहेत, आणि युनानी वैद्यकात हिजामा आहे. म्हणूनच ‘हे आपल्याकडेही होतेच’ असे म्हणून घरातील वडीलधारी माणसे चटकन तयार होतात. परंपरा कोणतीही असो, रक्ताशी संबंध येतो तिथे नवे निर्जंतुक पाते, एकदाच वापरायचा कप आणि हातमोजे यांना पर्याय नाही, कारण हिपॅटायटिस बी आणि सी एकाच्या रक्तातून दुसऱ्याकडे याच मार्गाने जातात. काचेचा कप पाण्याने धुऊन पुढच्या माणसाला लावलेला दिसला तर तिथून उठून यावे.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आणि त्याखालील परिषद आहे. तेव्हा चिनी पद्धतीचा उपचार म्हणून कोणी कपिंग करत असेल तर त्यांची नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे हे विचारण्यात संकोच करू नका. पुढच्या भेटीला आपण स्वतः सोबत जा, आईंच्या सर्व औषधांची चिठ्ठी आणि अलीकडचा एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) अहवाल घेऊन जा, आणि कप लावण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: ज्योत नाही, छेद नाही, आणि आई ‘पुरे’ म्हणाल्या की त्याच क्षणी कप निघेल. सध्या उठलेले डाग पूर्ण मावळेपर्यंत ही भेट घेऊ नका. डागांवर चोळू नका, बाम लावू नका. त्या भागावर ऊब, वाढती लाली, पाणी किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.